लॅपटॉपखालची चिठ्ठी

“माझं नका ऐकू, ताई. आमच्या काकांना विचारा. या वयात माणूस खोटं कशाला बोलेल?” दुकानाचे मालक काउंटरवर रेलून म्हणाले, आणि सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यातल्या दुरुस्तीच्या टेबलाकडे वळल्या.

काका त्या वेळी एका जुन्या लॅपटॉपचा कळफलक उघडून बसले होते. कळांखाली केस, नखांचे तुकडे आणि सांडलेल्या चहाचा चिकट थर साचला होता. ब्रश फिरवताच आंबूस दर्प सुटला. त्या दर्पाची त्यांना शिसारी येत नसे. ती घाण पुसता येई. शिसारी येई ती मालकांच्या या वाक्याची. गिऱ्हाईक डळमळू लागले की मालक हे वाक्य उच्चारीत, आणि काकांनी चकार शब्द न काढता केवळ मान हलवावी, असा त्या दुकानाचा अलिखित नियम होता. डोक्यावरच्या पांढऱ्या केसांचा असा उपयोग होईल, हे त्यांच्या कधी स्वप्नातही आले नव्हते.

काउंटरपाशी एक प्रौढ स्त्री आणि विद्यापीठात नुकतीच दाखल झालेली तिची मुलगी उभ्या होत्या. लॅपटॉप निवडून झाला होता. त्यात ऑपरेटिंग सिस्टीमची होम आवृत्ती मुळातच होती. वेगळे पैसे भरून तिच्या जागी प्रो आवृत्ती घालावी की नाही, एवढ्यावर घोडे अडले होते.

“आई, होम पुरतं गं मला,” मुलगी म्हणत होती. “संख्याशास्त्राला असं काय लागतंय?”

“पुरतं ना. भर परीक्षेत बंद पडेपर्यंत सगळंच पुरतं,” मालक हसले. “ताई, होम म्हणजे गाणी ऐका, फोटो बघा. शिकणाऱ्या मुलीला प्रोच लागतं. काय काका?”

हे धडधडीत असत्य होते. मुलीच्या अभ्यासाला होम आवृत्ती पुरेशी होती. पुढेमागे अधिक काही लागलेच, तर प्रोची सारी साधने असलेली आवृत्ती विद्यापीठ आपल्या विद्यार्थ्यांना विनामूल्य देत असे. विद्यापीठाच्या खात्यावर एक संकेतांक मिळे, तो भरला की काम झाले. काकांना हे ठाऊक होते. मालकांनाही होते. तरीही या दुकानातल्या तीन वर्षांच्या सवयीने काकांची मान हलली.

ती स्त्री त्यांच्याकडे निरखून पाहू लागली.

“अगंबाई, मशीनकाका ना तुम्ही? परीक्षा विभागात टाइपरायटर दुरुस्तीला यायचात? मी तिथं टायपिस्ट होते हो, खिडकीजवळ.” मग मुलीकडे वळून ती म्हणाली, “साहेब नवं मशीन घ्यायला निघाले होते. हे त्यांच्या तोंडावर म्हणाले, रोलर बदला, मशीनला काही झालेलं नाही. पुढे अकरा वर्षं चाललं ते.” आणि मालकांना म्हणाली, “घाला प्रो. यांनी मान हलवली ना, विषय संपला.”

“बघा, मी काय सांगत होतो?” मालकांनी प्रोच्या संकेतांकाचे पाकीट आणि नवा लॅपटॉप काकांपुढे ठेवला.

बोलावे म्हणून काकांनी तोंड उघडले. पण मालक समोरच उभे होते, आणि तोंड नुसतेच मिटले. स्वतःची मान त्यांना त्या क्षणी दुसऱ्या कोणाचे उष्टे सांडल्यासारखी ओशट वाटली. रुमालाने त्यांनी ती पुसली. काही उपयोग झाला नाही.

टाइपरायटरच्या काळी त्यांचा एक परिपाठ होता. यंत्र परत करताना त्याच्या तळाशी ते एक चिठ्ठी चिकटवीत. तिच्यावर दोनच ओळी: काय केले, आणि काय करण्याची गरज नव्हती. कचेऱ्यांतले कारकून आधी यंत्र उलटे करून ती दुसरी ओळ वाचीत, असा तिचा लौकिक होता. या दुकानात त्यांनी एकही चिठ्ठी लिहिली नव्हती.

पाकीट न फोडता त्यांनी खणातला कागद काढला.

थोड्या वेळाने लॅपटॉप काउंटरवर आला. बाईने तो हाती घेतला आणि जुन्या सवयीने उलटा केला.

“काय केले: काहीही नाही. गरज नव्हती: प्रो आवृत्तीची. लागल्यास विद्यापीठ विनामूल्य देते. मी मान हलवली, ती खोटी.”

मुलीने आईच्या खांद्यावरून वाचले. “सांगत होते ना मी?”

मालकांनी मान लांब करून तो मजकूर पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू जागच्या जागी विरजले. “काका, उद्यापासून यायची तसदी घेऊ नका.”

“प्रो नको. आहे तसाच द्या,” बाई मालकांना म्हणाली. चिठ्ठी तिने नखाने अलगद सोडवली, आणि काकांच्या टेबलापर्यंत चालत जाऊन ती त्यांच्यापुढे ठेवली.

“ही तुमच्याकडेच राहू द्या,” ती हळू आवाजात म्हणाली. “तेव्हा तुम्ही आधी तोंडानं सांगायचात, काका. चिठ्ठी मागाहून.”

तिच्या स्वरात राग नव्हता. राग असता, तर काकांना तो सोसवला असता.

माय-लेकी गेल्या. काकांनी जुन्या लॅपटॉपची एकेक कळ पुसून जागेवर बसवली, सगळ्या दाबून पाहिल्या, मग स्वतःचे ब्रश आणि पेचकस कापडात गुंडाळले. मालकांनी फोनमधून डोके वर काढले नाही.

काका थांब्यावर पोहोचले, तेवढ्यात बस आली. पुस्तकांचे ओझे सांभाळीत एक विद्यार्थी धावत पुढे आला.

“आजोबा, विद्यापीठाकडेच जाते ना ही?”

काकांची मान हलू लागली. त्यांनी ती मध्येच थांबवली.

“नाही,” ते म्हणाले. आवाज घोगरा निघाला, म्हणून घसा खाकरून त्यांनी पुन्हा, नीट सांगितले, “ही नाही जात. मागची जाते.”