बॉयलरवरची फळी

लहान घरात खरी टंचाई जागेची नसते, आडोशाची असते. तुमच्याआमच्या घरात नवराबायकोला एखादी वस्तू चारचौघांच्या नजरेआड ठेवायची झाली, तर ती ठेवायची कुठे? कपाट सगळ्यांचं. उशीखाली सकाळी कुणाचा तरी हात फिरतोच.

अशाच एका जोडप्याची लाँड्री होती. पुढे दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या आणि मधे कपडे वाळवायची अंधारी खोली. त्या खोलीत बॉयलर होता. त्याची वाफ नळीतून इस्त्रीच्या यंत्राला जायची. नवरा दिवसभर चादरी इस्त्री करायचा, बायको तारेवर कपडे घालायची. नवऱ्याची थोरली बहीण त्यांच्याजवळच राहायची. बाई देवभोळी आणि शिस्तीची. सकाळची प्रार्थना झाली की घरातलं एकेक कपाट उघडून झाडल्याशिवाय ती अन्नाला शिवत नसे. तिचा हात पोचत नसे अशी घरात एकच जागा होती, बॉयलरवरची फळी. बॉयलर फुसकारला की ती दारातूनच मागे फिरायची. म्हणायची, "आत कुणीतरी श्वास घेतंय रे बाबा!"

त्याच फळीवर, साबणाच्या रिकाम्या डब्यात, कंडोमचं पाकीट लपवलेलं होतं.

आदल्या वर्षी बायकोचं मूल पोटातच गेलं होतं. तीही जेमतेम वाचली. डॉक्टरीणबाईंनी तेव्हा दोघांना स्पष्ट बजावलं होतं, "पुन्हा दिवस गेले तर ही हाती लागेल, असा भरवसा मी देऊ शकत नाही."

आणि काल त्यातलाच एक कंडोम फाटला होता.

सकाळपासून दोघं एकमेकांशी बोलली नव्हती. दुपारी प्रसूतिगृहाचे कपडे वाळत घालायचे होते. त्यात नवजात बाळांची पांढरी झबलीही असत. झबली तारेच्या अगदी टोकाला, बॉयलरच्या बाजूला टाकायची आणि पाठ फिरवायची, असा बायकोनं वर्षभरात नेमच करून घेतला होता. आजही तिनं पाठ फिरवली, पण मागे काहीतरी हललं.

तिनं वळून पाहिलं. टोकाचं झबलं हळूहळू फुगत होतं. आधी पोट भरलं, मग छाती. मग दोन्ही बाह्या उचलल्या गेल्या, कुणाला तरी कडेवर घ्यायला सांगावं तशा. क्षणभर ते तसंच राहिलं आणि मग आतलं कुणी निघून जावं तसं मिटलं. बॉयलर फुसकारला. झबलं पुन्हा भरू लागलं.

"ते तुझंच आहे गं," दारातून आवाज आला.

नणंद उंबऱ्यावर उभी होती. झबल्यावरची नजर न काढता हळू आवाजात म्हणाली, "परत यायचं म्हणतंय. येणाऱ्याला कुणी अडवू नये."

बायकोच्या हातातली चादर गळून पडली. ताईंना कुणी सांगितलं? कालचं तर भिंतींशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं! ती तशीच दुकानात आली आणि नवऱ्याशेजारी भिंतीला टेकून उभी राहिली.

तेवढ्यात चादरी न्यायला प्रसूतिगृहातल्या सिस्टर आल्या. आदल्या वर्षी रात्रभर हिचा हात धरून बसल्या होत्या त्याच. आल्या आल्या म्हणाल्या, "काय गं, भूत बघितल्यासारखा चेहरा का झालाय?"

यंत्रामागून नवराच बोलला, मान खाली घालून, बायकोच्या मागोमाग बहीणही दारात येऊन उभी आहे हे माहीत असूनही. "सिस्टर, आम्ही ते वापरतो. काल ते फाटलं."

"अरे देवा!" नणंदेनं तोंडावर पदर घेतला. "या घरात असली वस्तू? आणि फाटणारच! त्या रबराला बारीक भोकं असतात म्हणे. माणसाचा जीवही त्यातून येतो आणि रोगही गाळून येतो. उगीच मनाचं समाधान!"

"कोण म्हणे, ताई?"

"सगळेच म्हणतात."

"मग सगळेच चुकतात," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "रबर धड असेल तर एचआयव्हीचा विषाणूसुद्धा त्यातून पार होत नाही. जे रोग कातडीला कातडी लागून पसरतात, तिथे संरक्षण थोडं कमी पडतं, कारण ते सगळं अंग झाकत नाही. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. आणि गर्भाचं म्हणाल, तर शंभर जोडप्यांनी वर्षभर दर वेळी अगदी नीट वापरलं तरी दोघींना दिवस जातात. कधी विसरले, कधी उशिरा चढवलं, कधी तेल लावलं, असं चाललं की त्या दोनाच्या बारा-तेरा होतात. मधला फरक रबराचा नाही, आपल्या हातांचा आहे. बरं, ठेवता कुठे तुम्ही?"

नवऱ्यानं मुकाट्यानं डबा आणून दिला. तो हातात धरवत नव्हता, इतका तापलेला होता. सिस्टरनी त्यातलं एक पाकीट फोडलं. आतलं रबर चिकटलेलं, पिवळट. त्यांनी ते दोन बोटांनी ताणलं, तसं ते आवाज न करता तुटलं. सापाची कात असते ना, अगदी तसं. तुकडा टेबलावर पडला आणि वाफेच्या झुळकेनं जागच्या जागी वळवळला. तिघंही एक पाऊल मागे सरली.

"चांगली वस्तू तुम्ही महिनोन्महिने शिजवलीत!" सिस्टर म्हणाल्या. "अहो, ती थंड, कोरड्या जागी ठेवायची असते. एवढं घर सोडून बॉयलरवर कशासाठी?"

नवराबायकोची नजर नकळत एकाच दिशेला गेली आणि नणंदेला उत्तर मिळालं.

"माझ्यामुळे?" ती पुटपुटली.

आत बॉयलर फुसकारला.

"चल," सिस्टरनी बायकोचा दंड धरला. "अजून वेळ गेलेली नाही. अशा वेळी घ्यायची गोळी असते, तीन ते पाच दिवसांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. तिचीही हमी शंभर टक्के नाही, पण हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा लाख पटींनी बरी. डॉक्टरीणबाईंना आत्ताच भेटू. आणि तुझ्यासारखीला पुढे एका कडीवर भागायचं नाही, दुसरीही लावायला हवी. तांबी बसते का ते बाई बघतील. नाहीतर या साहेबांची नसबंदी आहेच, ती सोपी असते."

"करतो," नवरा म्हणाला. एकच शब्द, पण वर्षभरात त्याचा इतका स्पष्ट आवाज बायकोनं ऐकला नव्हता.

बायकोनं त्याच दिवशी गोळी घेतली. पुढचे दिवस घर श्वास रोखून होतं. नवऱ्यानं बॉयलरची नळी तपासली. तारेच्या टोकाखाली तिचा सांधा सुटून वाफ निसटत होती, तो त्यानं आवळला. झबली सपाट लोंबू लागली. तरीही बायको त्यांच्याकडे बघायची आणि आपल्या पोटावर हात ठेवायची. नणंद प्रार्थनेला जास्त वेळ बसू लागली. एकदा बायकोनं तिचं पुटपुटणं ऐकलं, "आलेल्याला नाही म्हणत नाही मी देवा. पण माझ्या या पोरीला नेऊ नकोस."

एका सकाळी बायको न्हाणीघरातून बाहेर आली आणि दाराला टेकून हुंदके देऊन रडू लागली. "आली, ताई! पाळी आली!"

नणंदेनं तिला पोटाशी धरलं. मग नणंद आपल्या खोलीत गेली आणि प्रार्थनेची पुस्तकं ठेवायची लाकडी पेटी घेऊन आली. त्यातला एक कप्पा रिकामा केलेला होता.

"सिस्टरनी नवी पाकिटं दिलीत ना? दुसरी सोय होईपर्यंत यात ठेवा. खोली माझी थंड असते." मग डोळे पुसत म्हणाली, "आणि घाबरू नका, तो कप्पा मी झाडणार नाही!"

वाचकहो, कंडोम शंभर टक्के तारतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, आणि तो कुचकामी आहे असं कुणी सांगितलं तर मुळीच ठेवू नका. नीट जपला, मुदत पाहून आणि दर वेळी न चुकता वापरला, तर तो बहुतेक वेळा शब्द पाळतो. त्याला खातं ते आपलं लपवणं. देवानं जीव दिला तशी तो जपण्याची अक्कलही दिली आहे. ती वापरणं ही त्याचीच सेवा आहे.

त्या घरात बॉयलर अजूनही फुसकारतो, आणि तिघंही काम थांबवून तिकडे बघतात. फळी मात्र रिकामी आहे.