साडेतीन वेटोळ्यांचा पाट

थांबा, थांबा, हात जोडू नका. मी पाट बोलतोय. साधा बसायचा पाट. त्यातही देवघरातला नव्हे, मोरीजवळचा. माझ्यावर बसून शांताबाईंनी चाळीसहून अधिक वर्षं मासे साफ केले. हे आधीच सांगून टाकतो, कारण मधल्या काळात लोक मला सृष्टीचं मूळ समजायला लागले होते.

माझा जन्म मालवणकडचा. फणसाचं लाकूड. शांताबाईंच्या वडिलांनी सुताराकडून दोन पाट करून घेतले आणि लेकीबरोबर लालबागच्या चाळीत पाठवले. एकाला लाल रंग मिळाला, तो देवाचा झाला. माझ्यापर्यंत रंग पुरला नाही, मी कोळंबीचा झालो. कुर्ल्यांच्या नांग्याही माझ्यावरच ठेचल्या गेल्या, त्याचे चरे अजून अंगावर आहेत. माझी काही तक्रार नव्हती.

शांताबाईंचे यजमान दौलतराव गिरणीत होते. गिरणी गेली, मग पंधरा वर्षं एका टॉवरच्या गेटवर उभे राहिले. तिथं त्यांना नावानं कुणी हाक मारली नाही. "ए वॉचमन", संपलं.

आता डागाचं ऐका. चार वर्षांपूर्वी डेंग्यूची साथ होती. दुपारी झोपताना दौलतरावांना मच्छर अगरबत्तीचा पत्र्याचा स्टँड सापडेना. त्यांनी पेटवलेली ती हिरवी गोल कॉइल सरळ माझ्यावर आडवी ठेवली आणि घोरायला लागले. ती जळत जळत पार मधल्या टोकापर्यंत गेली. माझ्या छातीवर साडेतीन वेढ्यांचा काळा डाग उठला, मधोमध एक टपोरा ठिपका. शांताबाई कडाडल्या, "घर पेटवाल एक दिवस! चांगला पाट जाळलात माझा!" दौलतरावांनी कूस बदलली.

मग आमच्या आयुष्यात अवधूत सर आले. शिवाजी पार्कला राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले. दर रविवारी दादरच्या एका हॉलमध्ये 'सर्प आणि सृष्टी' यावर बोलायचे. दौलतराव तिथं आधी चहा-बिस्किटांसाठी जायचे. एकदा सर घरी आले. मी नुकताच धुतलेला, गॅलरीत उन्हाला उभा. सरांनी मला पाहिलं, चपला काढल्या आणि चक्क नमस्कार केला.

"दौलतराव, हे काय आहे याची कल्पना आहे तुम्हाला?"

दौलतरावांना पुरेपूर कल्पना होती. पण इतक्या अदबीनं 'दौलतराव' त्यांना आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. "जुना आहे तसा," ते पुटपुटले. दारात उभ्या शांताबाईंनी तोंड उघडलं, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मिटलं.

झालं! आठवडाभर मी कपाटावर रेशमी फडक्यात, रविवारी टॅक्सीनं दादरला, तिथं मखमलीवर. शांताबाईंना मासे साफ करायला प्लास्टिकचं स्टूल आलं, वाकून वाकून कंबर बोंबलायला लागली.

"सुरुवातीला फक्त पाणी होतं," सर डोळे मिटून सांगायचे. "पाण्यावर सर्प. सर्पाच्या वेटोळ्यात अंडं. बघा, मधोमध!" लोक माझ्या ठिपक्याकडे बघून उसासे टाकायचे. मग सरांची गाडी सुटायची. साडेतीन वेटोळी म्हणजे कुंडलिनी. मंथनाचा पर्वत म्हणजे आपला पाठीचा कणा, वासुकी म्हणजे त्यातली नाडी, समुद्रमंथन आपल्या पाठीतच चालू आहे. परदेशातल्या त्या बागेत फळ खायला लावणाऱ्या सापाला उगाच बदनाम केलं, तो माणसाचा पहिला मास्तर. शास्त्रज्ञांना पेशीत सापडले ते दोन पीळ म्हणजे हेच दोन साप. आणि कुर्ल्यांनी पाडलेले माझे चरे? ती नागलिपी! एका बाईंनी भीत भीत विचारलं, "सर, याला मासळीसारखा वास का येतो?" सर म्हणाले, "आदिजलाचा गंध आहे तो." हॉल गहिवरला. मला हसावं की रडावं कळेना.

मी फणस होतो तेव्हा माझ्या बुंध्याशी एक धामण राहायची. उंदीर खायची, ऊन खात पडायची. सृष्टी कशी झाली हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. तिचं एखादं पिल्लू त्या हॉलमध्ये सोडलं असतं, तर सगळे साधक खुर्च्यांवर चढले असते, सर सगळ्यात आधी.

दर रविवारी माझ्यावर दूध ओतायचे. माझे सांधे फुगले, मुंग्या लागल्या. दौलतरावांना मात्र व्यासपीठावर खुर्ची मिळाली, शाल मिळाली. ते ताठ बसायला लागले होते. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची. शांताबाईही त्याचसाठी गप्प होत्या. चालू दे म्हाताऱ्याचं कौतुक, कुणाचं काय जातंय!

जाणार होतं ते मंजुळाचं. मंजुळा वरळी कोळीवाड्यातली, तीस वर्षं आमच्या चाळीत दारावर मासे आणणारी. एका शुक्रवारी ती लंगडत आली, पाटी उतरवून उंबऱ्यावर बसली. शांताबाईंचं लक्ष पायाकडे गेलं. अंगठ्याशेजारचं बोट काळंनिळं पडलेलं.

"अगो, पायाक काय झाला?"

"विष बाहेर पडतंय. दादरचे सर बोलले. शुगरच्या गोळ्या बंद केल्या मी, तीन आठवडे झाले. गोळ्यांनी आतला नाग झोपतो. तो उठला की साखर खाऊन टाकतो."

"आणि तुझा इश्वास बसला?"

"सरांवर कशाला? तुझ्यावर बसला. पाट तुझ्या घरातला. खोटं असतं तर तू बोलली नसतीस?"

शांताबाईंचा चेहरा पांढरा पडला. "मंजुळे, तो नाग नाय गो! मच्छर अगरबत्तीचा डाग तो! ह्यांनी जाळला पाट!"

मंजुळा हसली. "काय पण! दौलतभाऊ, खरं काय?"

खोलीत दौलतराव शालीची घडी घालत होते. ते घडीच घालत राहिले. "मला नाय आठवत," म्हणाले. मंजुळानं पाटी उचलली आणि लंगडत गेली. मला तोंड असतं, तर मी त्या क्षणी कपाटावरून शिव्या घातल्या असत्या.

रविवारी शांताबाई पहिल्यांदाच हॉलमध्ये आल्या. पहिल्या रांगेत मंजुळा, पायाला फडकं गुंडाळलेलं. सर अंड्यापर्यंत पोचले होते. शांताबाई सरळ व्यासपीठावर चढल्या, पिशवीतून कोरी कॉइल काढली आणि माझ्या डागावर ठेवली. वेढ्यावर वेढा तंतोतंत बसला.

"आता बोला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "बाईचा पाय जाईल. मग जन्मभर ही शाल पांघरून बसा."

दौलतराव उठले. "मीच ठेवली होती," ते म्हणाले. "स्टँड मिळत नव्हता. मंजुळा, माझं चुकलं. गोळ्या घे बाय."

सर क्षणभर गडबडले. क्षणभरच हं! मग दोन्ही हात वर. "पण ती ठेवायची बुद्धी कुणी दिली? धूर म्हणजे सर्पाचाच श्वास! दौलतराव, तुम्ही निमित्त!" टाळ्या. देवा रे, टाळ्या!

मंजुळा उठली. लोकांना वाटलं, माझ्या पाया पडणार. तिनं कॉइल उचलून मखमलीवर टाकली, मला जमिनीवर घेतलं आणि धप्पकन माझ्यावर बसली. "ताई, गोळ्या आणल्यास?" शांताबाईंनी पिशवीतून डबी काढली. मागून कुणीतरी पुटपुटलं, "सर्पासनावर साक्षात शक्ती!" दोघे-चौघे वाकलेही.

"नमस्कार मागून करा रे," मंजुळा म्हणाली. "आधी कुणीतरी पाणी द्या."

तिथूनच दौलतरावांनी तिला टॅक्सीत घालून हॉस्पिटलला नेलं. एक बोट काढावं लागलं. पाय वाचला. शाल त्यांनी त्याच दिवशी हॉलमध्ये ठेवली. आता ते रोज सकाळी मंजुळाची पाटी जिन्यावरून वर आणतात. कुणी सांगितलेलं नाही, तिनंही नको म्हटलेलं नाही.

मी पुन्हा मोरीजवळ आहे. सांधे अजून दुखतात, पण मुंग्या गेल्या. दादरला आता त्या कॉइलची पूजा चालते, असं कानावर आलंय. मखमलीवर ठेवलीय म्हणे, आणि ती पेटवायला सक्त मनाई आहे. डास साधकांना फोडून काढत असणार.

माझं एवढंच मागणं आहे. सृष्टी कुठून आली ते खुशाल शोधा, सापात शोधा, अंड्यात शोधा, हवं तर कोळंबीच्या सालात शोधा. फक्त जेवणाआधीची गोळी चुकवू नका.