कॉलरमधली सुई

आमचे हे शिंपी. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून. दवाखान्यातली उपचार करणारी मुलगी त्यांच्या डोक्याजवळ चुंबकाचं यंत्र धरते. ना टोचणं, ना कापणं. यंत्र टकटक वाजतं आणि प्रत्येक ठोक्याला यांचा अंगठा उडतो. "मेंदू जागा झालाय, आता हाताकडून काम करून घ्या," असं ती बजावते.

"अंगठा यंत्र हलवतं, मी नाही," हे तोंड पाडून म्हणतात. म्हणून घरी सदरा मीच घालते, बटणं मीच लावते.

आज यंत्र लावण्याआधी तिनं विचारलं, "अंगावर धातूचं काही?"

"काही नाही," मी ठसक्यात सांगितलं. तिनं यांच्या कॉलरखालून सुई काढली.

माझा पारा चढला. "जन्माची खोड! चुंबकापाशी सुई घेऊन बसलात? सकाळी तर नव्हती. कधी खोचलीत?"

"तू आंघोळीला गेलीस तेव्हा."

मी आणखी बोलणार होते, पण सुईकडे लक्ष गेलं. तिच्यावर दोरा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा घट्ट गुंडाळलेला होता, दुकानात गुंडाळायचे तसाच. ते एका हाताचं काम नाही.

"हात चालतो तुमचा! मग बटणं माझ्याकडून का लावून घेता?"

त्यांनी त्या मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बटणं लावताना तू ओरडत नाहीस."