सौंदडच्या पटावरची घोडी

मी बोलतेय, सौंदडच्या बिसनलालची घोडी. गावात मला रानी म्हणतात. माझ्या पाठीवर बसून कितीतरी नवरदेव मांडवापर्यंत गेले. एकाचंही तोंड मला आठवत नाही. घोडीला नवरदेव दिसत नाही, त्याचं वजन तेवढं कळतं.

माझा जन्म २००४ च्या सुमाराचा. तीन वर्षांची असताना बिसनलालनं मला बाजारातून आणलं. त्याची धानाची शेती होती. लग्नसराईत घोडी हा जोडधंदा. त्यानं मला एवढंच शिकवलं की हळू चालायचं आणि थांबलं की हलायचं नाही. बँड कानाशी वाजायचा, सुतळी बॉम्ब पायाशी फुटायचे. आधी मी थरथर कापायचे. मग डाव्या कानानं ऐकू येईनासं झालं, उजव्यानं थोडंफार येत राहिलं. माझं बिथरणंही थांबलं. ‘बिसनलालची घोडी मोठी शांत,’ असं लोक म्हणू लागले.

बिसनलालच्या मुलीचं, योगेश्वरीचं लग्न झालं, तेव्हा तिचा नवरदेव भुवनेश्वर तिरोड्याकडून आला आणि माझ्याच पाठीवर बसून तिच्या दारात उतरला. सगळा वेळ तो लगाम ओढत होता. माझ्या तोंडाला जखम झाली, ती भरलीही.

चार वर्षांनी योगेश्वरी एकटीच परत आली. हातात एक पिशवी.

“काऊन आली बाई? काही बोलशीन का नाही?” तिची आई मुन्नीबाई रोज विचारायची.

“थकली मी, माय.”

याहून जास्त ती बोलली नाही. रडलीही नाही. माझ्या गोठ्यात येऊन भिंतीला टेकून बसायची. मी शेजारी उभी असायचे. आम्हा दोघींना एकमेकींकडून काही नको होतं.

एकदा तिनं माझ्या मागे पत्र्याचा डबा जोरात आपटला. मी मान वळवली नाही.

“बाबूजी, इले आयकू नाही ये.”

“हट! शांत आहे ते.”

“शांत नाही, बाबूजी. तिले आता काही लागूनच नाही राहिलं.”

त्या वर्षी बैलांच्या शर्यतीवर बंदी आली होती. दर हिवाळ्यात भरणारा शर्यतींचा शंकरपट सुना जाऊ नये म्हणून पट भरवणाऱ्या मंडळानं घोड्यांची अडथळ्यांची शर्यत ठेवली. योगेश्वरीनं माझं आणि स्वतःचं नाव दिलं.

“पोरगी पटात घोडी पळवन? लोक का म्हनतीन?” बिसनलाल चिडला.

“चार वर्षं लोकायचंच आयकलं मी, बाबूजी.”

तो निघून गेला. पण खोगीर त्यानं लपवून ठेवलं नाही.

कापणी झालेल्या धानाच्या बांधीत तिनं विटांच्या दोन थप्प्यांवर बांबू ठेवला. मी त्याच्यापुढे जाऊन थांबले. ती माझ्या मानेवरून खाली पडली. उठली, केसांतलं तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, काढलं, पुन्हा चढली. हाकेचा उपयोग नव्हता, म्हणून गुडघ्यांनी सांगू लागली. एका सकाळी माझे पाय उचलले गेले. मला आनंद झाला, असं नाही सांगता येणार. पायाखाली जमीन नाही, एवढंच कळलं.

पटाच्या दिवशी भुवनेश्वर दोन वडीलधाऱ्यांना घेऊन आला. पट संपला की योगेश्वरीला घेऊन जायचं, असं त्यांचं बिसनलालशी ठरलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

आमची पाळी आली. पहिला बांबू मी पाडला. तणसाच्या भाऱ्यांवरून गेले. पुढे पाण्यानं भरलेला चर होता. मी थांबले. दुसऱ्यांदाही थांबले. तिसऱ्यांदा इतकी अचानक थांबले की ती सरळ चिखलात पडली. भोंग्यावरून आम्हाला बाद केलं. लोकांची हसणारी तोंडं दिसत होती.

भुवनेश्वर धावत आला आणि त्यानं माझा लगाम धरला.

“झाला ना तमाशा? चाल आता घरी.”

तिच्या नाकातून रक्त येत होतं. तिनं ते पुसलं नाही.

“लगाम सोड.”

“काय?”

“सोड म्हटलं ना.”

त्यानं सोडला. ती चढली, मला लांब मागे नेलं आणि गुडघे दाबले. मी काहीच ठरवलं नाही. चर आला आणि खालून गेला. उतरताना मागचा पाय घसरला, कळ पार पाठीपर्यंत गेली. किती वर्षांनी काहीतरी लागलं होतं मला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. पुढच्या घोड्याला बोलावलं होतं.

ती मला बिसनलालजवळ घेऊन गेली.

“बाबूजी, मी वापस नाही जाऊन राहिली.”

बिसनलालनं तिच्याकडे पाहिलं, मग भुवनेश्वरकडे. खांद्यावरचा दुपट्टा काढून तिला दिला. “नाक पूस,” म्हणाला. मग वडीलधाऱ्यांपुढे हात जोडले. “तुमी जेवूनच जा. पोरगी घरी राहीन.”

ते न जेवताच गेले.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. माझा तो मागचा पाय वाकडाच जुळला, वराती बंद झाल्या. योगेश्वरी सकाळच्या गाडीनं गोंदियाला कामाला जाते, संध्याकाळी येऊन मला कोंडा भिजवून देते. ती थोडं बोलते आता. कधी कधी आईशी भांडतेसुद्धा.

मागच्या महिन्यात एक माणूस मला विकत घ्यायला आला. “खडी तो रहती है ना? फोटो के लिए चाहिए,” म्हणाला. बिसनलालनं माझ्या मानेवर हात ठेवला.

“नाही देत. इच्या मनाचं नाही ते.”

माझ्या मनात काय आहे, हे मलाही नक्की माहीत नाही. पण असं म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. तुमच्याही दाराशी कुणी मुकाट्यानं उभं असेल, तर त्याला एकदा विचारून बघा. चला, या आता तुम्ही. मला कोंडा खायचा आहे.