पूर्ण मिनिटाची नाडी

"सिस्टर, तुमच्या हातून कधी औषधाची चूक झाली आहे का?"

प्रश्न विचारून टकळी उभीच राहिली. पैज तशीच लागली होती: प्रश्न खणखणीत आवाजात विचारायचा, 'आई' न म्हणता 'सिस्टर' म्हणायचं आणि उत्तर मिळेपर्यंत बसायचं नाही. मागच्या बाकावर लांबडी आणि चष्मिश वहीत तोंड खुपसून खिदळत होत्या. फळ्यासमोरची सिस्टर म्हणजे टकळीची सख्खी आई, हे अख्ख्या नववीला ठाऊक होतं.

शाळेने आईला आरोग्याच्या तासाला बोलावलं होतं, आणि ती अर्धी ड्यूटी करून थेट आली होती. फळ्यावर 'स्वायत्त चेतासंस्था' असं भारदस्त नाव लिहून तिने ते लगेच सोपं करून टाकलं होतं. शरीरातला काही कारभार आपल्याला न विचारता चालतो. घाबरलं की छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, तळहातांना घाम फुटतो. आपण कुणाला हुकूम सोडलेला नसतो. काही औषधं या कारभारात हात घालतात. कुठे टाच मारतात, कुठे लगाम खेचतात. म्हणून अशी गोळी देणाऱ्या नर्सचं निम्मं काम गोळी देण्याआधीच असतं.

आईने खडू खाली ठेवला, बोटं झटकली.

"झाली आहे," ती म्हणाली.

खिदळणं थांबलं.

"नोकरीला लागून वर्षसुद्धा झालं नव्हतं. एका बाईंना हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी होती. ती द्यायच्या आधी नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची असते. वॉर्ड भरलेला, माझी धावपळ. मी पंधरा सेकंद मोजली आणि चारने गुणलं. त्यांची नाडी मधूनच ठोके गाळायची. माझ्या पंधरा सेकंदांत ते काही कळलं नाही. गोळी दिली. दुपारी बाई उठल्या आणि भोवळ येऊन पडल्या. हनुवटीला पाच टाके."

"मग तुम्हाला काढून नाही टाकलं?" चष्मिशला राहवलं नाही.

"मेट्रनने विचारलं, किती वेळ मोजलीस? मी खरं ते सांगितलं. तेव्हापासून मी चारने गुणत नाही." आई जराशी हसली. "आता तर आमच्या नानांनाच, म्हणजे माझ्या वडिलांना, तशीच गोळी सुरू आहे. मी सहाला ड्यूटीवर जाते, म्हणून सकाळी त्यांची नाडी ही मोजते. ही, जी अजून बसलेली नाही ती. मोजते, वहीत लिहिते, मग गोळी देते. तिची वही मी तपासतसुद्धा नाही."

वर्गाच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या, मग मुलींनी वाजवल्या. टकळीचं तोंड कोरडं पडलं. तळहात ओले झाले. फळ्यावर जे जे लिहिलं होतं, ते सगळं तिच्या अंगात रीतसर सुरू झालं.

कारण वहीतले पहिले सहाच आकडे खरे होते.

सुरुवातीला काय थाट होता तिचा. आईचं छातीला लावायचं जुनं घड्याळ गळ्यात, चौकटीची नवी वही, दर आकड्यापुढे तारीख. शहाण्णव, चौऱ्याण्णव, ब्याण्णव, नव्वद, अठ्ठ्याऐंशी, शहाऐंशी. नाडी शहाण्यासारखी उतरत होती. मग तिला वक्तृत्वात पहिलं बक्षीस मिळालं, ती वर्गाची मॉनिटर झाली, केसांची नवी तऱ्हा आरशासमोर वीस मिनिटं खायला लागली आणि लांबडी खालून शीळ घालायला लागली. सातव्या दिवशी तिने आदल्या दिवसाचाच आकडा लिहिला. आठव्या दिवसापासून हुशारी आली: एकच आकडा रोज दिसला तर आई ओळखेल. म्हणून चौऱ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, शहाऐंशी, पुन्हा चौऱ्याऐंशी.

नाना रोज सदऱ्याची बाही दुमडून मनगट टेबलावर ठेवून बसत. ती दोन बोटं टेकवायची, पेनाचं टोपण सापडेपर्यंत.

"झालं का गं?"

"झालं, नाना."

"किती?"

"झकास."

सोमवारी डॉक्टरांनी वही पाहिली. नाडी आधी उतरली आणि मग अडली, म्हणाले. गोळी दुप्पट केली. साठच्या खाली गेली तर द्यायची नाही, मला फोन करायचा, असंही बजावलं. उद्यापासून नक्की मोजू, असं टकळीने ठरवलं. पण त्या उद्याला वक्तृत्वाच्या पुढच्या फेरीची तालीम होती.

शनिवार, अर्धी शाळा. मायलेकी चालतच घरी निघाल्या.

"पैज होती ना?" आई म्हणाली. "लांबडीचे खांदे हलत होते."

"रागावलीस?"

"छे. प्रश्न चांगला होता."

टकळी, जिची जीभ कधी टाळूला लागत नसे, ती घर येईपर्यंत नुसती पायांखालचे दगड मोजत चालली.

दार उघडंच होतं. न्हाणीघराबाहेर नाना भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते आणि बाबा त्यांना धरून होते.

"उठताना डोळ्यांपुढे अंधार आला म्हणे. पडले नाहीत, मी धरलं," बाबा म्हणाले.

आईने पर्स तिथेच टाकली, गुडघे टेकले, नानांचं मनगट धरलं. घड्याळावर नजर ठेवून पूर्ण मिनिट मोजलं.

"चव्वेचाळीस. वही आण गं."

आईने आजचा आकडा पाहिला. चौऱ्याऐंशी. तिने वहीकडे पाहिलं, मग आपल्या बोटांकडे. पुन्हा मनगट धरलं, पुन्हा मिनिटभर मोजलं.

"माझंच काही चुकतंय का? बोटं गार पडली आहेत माझी. तू मोज बघू."

बावीस वर्षं नाडी मोजणारी बाई आपल्या बोटांवर संशय घेत होती आणि लेकीच्या वहीवर नाही. टकळीला वाटलं, जमीन दुभंगून आत घेईल तर बरं. तिने बोटं टेकवली. एक ठोका. मग इतका वेळ काहीच नाही की तिचाच श्वास अडकला. मग दुसरा.

"मोजते की पोर रोज," नाना डोळे मिटूनच म्हणाले. "आज सकाळीही मोजली. चांगली मिनिटभर धरून बसली होती."

नाना आयुष्यात खोटं बोलले नव्हते. निदान तिच्यादेखत तरी.

"चव्वेचाळीस," टकळी म्हणाली. "सकाळी मी मोजली नव्हती."

"आज?" बाबांनी विचारलं.

"पहिले सहा दिवस मोजली. मग एकदाही नाही."

आईने हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. तिने आणि बाबांनी नानांना अलगद पलंगावर निजवलं, पायांखाली दोन उशा सारल्या. मग आईने डॉक्टरांना फोन लावला. टकळीला तिची फक्त पाठ दिसत होती.

"हो, चव्वेचाळीस. नाही, संध्याकाळची नाही देणार. आकडे बरोबर नव्हते, डॉक्टर. आमच्याकडून मोजण्यात चूक झाली. हो. अर्ध्या तासात आणतो."

फोन ठेवून ती तशीच उभी राहिली. कॉलर नीट करायला मानेशी गेलेला तिचा हात तिथेच राहिला होता.

"मी गाडी काढतो," बाबा म्हणाले. "टकळे, तू थांब घरी. तुझी तालीम आहे ना?"

टकळीने दप्तरातून लाल पेन्सिल काढली, वही पलंगाच्या कडेवर उघडली आणि पहिल्या सहा आकड्यांभोवती एकेक गोल केला. गोल काही धड आले नाहीत.

"तालमीला मी जाणार नाही," ती म्हणाली. "मी तुमच्याबरोबर येणार. आई, डॉक्टरांना पुन्हा 'आमच्याकडून' म्हणू नकोस. बाबा, तुम्हीही मधे बोलू नका. वही मी दाखवणार आणि मीच सांगणार. गोल केलेले सहा नानांचे आहेत. बाकीचे तेरा माझ्या मनचे."