डाव्या अंगाला

छोटेलाल रहांगडाले यांना लकवा मारला तो धानकापणीच्या दिवसांत, भर बांधीत, उभ्या धानात. विळा हातातून गळून पडला आणि तो उचलायला वाकलेले छोटेलाल पुन्हा उभे राहिलेच नाहीत. मुलानं, टिकेशनं, त्यांना तसंच गोंदियाला दवाखान्यात नेलं. जीव वाचला. तोंड सरळ झालं, पायही हळूहळू चालायला लागला, पण उजवा हात काही आला नाही. खांद्यापासून नुसता लोंबत राहिला.

बाकी सगळं त्यांनी सोसलं असतं. अडलं ते जेवणापाशी. उजवा हात चालत नव्हता आणि डावा हात अन्नाला लावायचा नाही, हे त्यांचं ठाम होतं. टिकेशनं चमचा दिला, तर तो डाव्या हातात थरथरायचा आणि भात धोतरावर सांडायचा. मग बायको, कुंता, घास करून भरवायला बसली. सुनेच्या देखत बायकोच्या हातून खाणं छोटेलालना मरणाहून वाईट वाटे. दोन घास कसेबसे घ्यायचे, तोंड मिटायचं आणि भिंतीकडे पाहत बसायचं. पोट भरलं म्हणायचे. कुंताला दिसत होतं की भरलेलं नाही.

गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे. आसपासचे सगळे तिला कॅम्प म्हणतात. छोटेलालच्या बांधीला लागूनच कॅम्पातल्या डोलकर नावाच्या बाईची बांधी होती. पन्नाशी उलटलेली, एकटीच राहणारी. हिवाळ्यात कॅम्पातले बरेच लोक स्वेटर विकायला शहरांकडे जात, ही मागेच राही. छोटेलालशी तिची पाण्यावरून भांडणं झालेली होती आणि धानाच्या रोवणीत दोघांनी एकमेकांना बैलही दिले होते. ती त्यांना पाहायला आली, ओसरीवर बसली आणि कुंताचं भरवणं व छोटेलालचं तोंड मिटणं बघून उठून गेली.

दुसऱ्या दिवशी ती डब्यात गरम थुक्पा घेऊन आली. म्हणजे शेवयांचं पातळ कालवण. सोबत दोन काड्या होत्या. जुन्या लाकडाच्या, टोकाकडे काळ्या पडलेल्या, आणि धरायच्या जागी लाल दोरा गुंडाळून जाड केलेल्या. तो लालही आता मातकट झाला होता.

ती म्हणाली, "हमारे यहां जेवणाला हात लावतच नाही, छोटेलालभाऊ. अन्न लागतं ते काडीला. हाताला काही लागत नाही. मग डावा काय, उजवा काय?"

हे छोटेलालना पटलं. लकवा आल्यापासून त्यांना पटलेली ती पहिलीच गोष्ट होती.

डोलकरनं त्यांच्या बोटांत काड्या बसवून दिल्या. खालची अंगठ्याच्या बेचक्यात घट्ट, ती हलवायची नाही. वरची मोकळी, तीच उघडायची आणि मिटायची. पहिल्या दिवशी एकही शेवई तोंडापर्यंत गेली नाही. सून ओमेश्वरी पदर तोंडाला लावून आत पळाली. पण छोटेलाल हटून बसले. कुंता त्यांना आधी लाखोरी डाळीच्या वड्यांचे तुकडे द्यायची, मग उकडलेल्या पोपटीच्या शेंगांतले दाणे, मग गिल्ला, मऊ शिजवलेला भात. दाणा निसटून अंगणात उडाला की कोंबडी धावायची. छोटेलाल स्वतःशीच शिव्या देत पुन्हा काड्या जुळवायचे. कुंताला बरं वाटत होतं. शिव्या देतात म्हणजे माणूस जगायला लागला.

असे बरेच दिवस गेले. मग एका दुपारी अचानक त्यांचा हात बसला.

आदल्या दिवशीपर्यंत लटपटणारी बोटं त्या दुपारी अशी चालली, जणू जन्मभर हेच करत आली होती. भाताचं एकच शीत उचलून ते काडीच्या टोकावर फिरवू लागले. टिकेशला कौतुक वाटलं, त्यानं शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. कुंतानं मात्र नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना काही आनंद झालेला दिसत नव्हता. ते आपल्याच हाताकडे बघत होते. घरात आलेल्या अनोळखी पाहुण्याकडे बघावं तसे.

त्या आठवड्यात टिकेशनं नवेगावबांधच्या तळ्यातली मासोळी आणली. छोटेलाल लहानपणापासून मासोळी काट्यासकट चावून खाणारे. त्या दिवशी त्यांनी काड्यांनी एकेक काटा वेगळा काढला, केसाएवढे बारीक काटेसुद्धा. मग मऊ मांसाचा तुकडा उचलला, त्यावर फुंकर घातली आणि स्वतःच्या तोंडाकडे न नेता डाव्या बाजूला नेला. तिथं कोणी नव्हतं. जमिनीपासून हातभर उंचीवर त्यांनी काड्या स्थिर धरल्या. थोडा वेळ धरून ठेवल्या. काड्या परत ताटाकडे आल्या तेव्हा त्यांत काही नव्हतं.

कुंतानं खाली पाहिलं. सारवलेल्या जमिनीवर तुकडा पडलेला नव्हता.

तिनं विचारलं, काय करून राहिले म्हणून. छोटेलाल दचकले. म्हणाले, काही नाही, जेवून राहिलो.

त्यानंतर हे रोजचं झालं. दुपारी ते ताटावर बसायचे, मिरचीचा तुकडा बाजूला काढायचे, भात काड्यांनी मोकळा करून निववायचे आणि एकेक छोटा घास डाव्या अंगाला न्यायचे. ताट रिकामं व्हायचं. टिकेश आणि ओमेश्वरी रिकामं ताट पाहून खुश होते. दोघंही दुपारी बांधीत असत, त्यामुळे घास कुठं जातो ते त्यांना दिसत नव्हतं. कुंताला दिसत होतं. छोटेलाल स्वतः काहीच खात नव्हते, रात्री दुपारचंच जड झालं म्हणून ताट घेत नव्हते. त्यांच्या गळ्याची हाडं वर आली होती, धोतर कमरेवर ठरत नव्हतं. टिकेशनं पुन्हा गोंदियाला नेलं, रक्त तपासलं, फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, रोग काही नाही, जेवण वाढवा.

कुंतानं जेवण वाढवलं. जास्त भात वाढला की डाव्या बाजूला जाणारे घासही वाढले. तिच्या आणखी एक ध्यानात आलं. त्या जागेवर मुंग्या येत नव्हत्या. उन्हं वर आली तरी तिथली जमीन पायाला गार लागे. मांजर ओसरीवरून जाताना तेवढी जागा सोडून वळसा घेऊन जाई.

शेवटी एका दुपारी तिनं ओसरीचं दार ओढून घेतलं आणि नवऱ्याला सरळ विचारलं, "कोनाले चारून राहिले तुमी?"

छोटेलालनी काड्या ताटाच्या कडेला टेकवल्या. मग म्हणाले, "मी नाई चारत. हात चारते."

"पन खाते कोन?"

"लहान लेकरू हाये. दिसत नाई मले. पन तोंड उघडते तं काडीले समजते. लय भुकेलं हाये, टिकेशची माय. किती बी चारलं तरी तोंड उघडंच."

एवढं बोलून त्यांनी पुढचा घास उचलला. कुंताच्या अंगावर काटा आला. तिला आधी वाटलं, काड्या हिसकाव्यात आणि चुलीत घालाव्यात. पण नवऱ्याच्या डोळ्यांत भीती नव्हती, दयाच होती, आणि ती पाहून तिचा हात उचलला गेला नाही. तिनं दुसरंच केलं. ती उठली आणि नवऱ्याच्या डाव्या अंगाला, बरोबर त्या गार जागेवर जाऊन बसली. वाकली. तोंड हातभर उंचीवर आणलं आणि उघडलं.

छोटेलालचा हात क्षणभर थांबला. मग घास तिच्या तोंडात आला. लग्नात घास भरवला तेव्हापासून आजवर या माणसानं तिला कधी भरवलं नव्हतं. भात आत्ताच चुलीवरून उतरवला होता, त्यातून वाफ निघत होती. पण तिच्या जिभेला तो बर्फासारखा लागला. इतका गार की दातांत कळ गेली. तिनं तो कसाबसा गिळला. आणि तेव्हाच तिच्या मांडीवर काहीतरी टेकलं. लहान, हलकं. दमलेलं पोर आईच्या मांडीवर डोकं टेकतं, तसं. लुगड्यातून गारवा आत शिरत गेला. तिनं खाली पाहिलं. तिथं काही नव्हतं. पण मांडीवरचं लुगडं डोक्याएवढ्या जागेत दबलेलं होतं.

ती हलली नाही. टिकेश तान्हा असताना निजला की हलायची नाही, तशीच बसून राहिली. छोटेलालचं ताट संपलं, त्यांनी काड्या खाली ठेवल्या, तेव्हा मांडी हलकी झाली. मग ती उठली, पायात चपला घातल्या आणि कॅम्पाची वाट धरली.

डोलकर घरासमोर मका सोलत होती. कुंतानं जे घडलं ते सगळं सांगितलं. डोलकरनं एकदाही तिला थांबवलं नाही. कणीस हातातच राहिलं, आणि तिचा चेहरा हळूहळू पडत गेला.

मग ती बोलली. त्या काड्या तिच्या आईच्या होत्या. डोलकर नऊ-दहा वर्षांची असताना त्यांचं कुटुंब पहाड ओलांडून हिंदुस्थानात यायला निघालं. आईच्या पाठीवर धाकटी बहीण होती, यांगचेन, तीन वर्षांची. बर्फात वाट चुकली. खाण्याचं संपलं. आईच्या उजव्या हाताची बोटं बर्फानं काळी पडून गेली, तेव्हा ती डाव्या हातात काड्या धरून उरलंसुरलं धाकटीला भरवत होती. शेवटी भरवायला काही राहिलं नाही. यांगचेन पाठीवरच गेली. तिला दगडांखाली ठेवून ते पुढं आले. या कॅम्पात येऊन आई पुष्कळ वर्षं जगली, रोज डाव्या हातानं जेवली, आणि जेवताना पहिला घास उचलून शेजारी धरायची. डोलकरला ती आईची सवय वाटायची. आई गेल्यावर काड्या पेटीत पडून होत्या. दोरा गुंडाळून डाव्या हातासाठी जाड केलेल्या, म्हणून छोटेलालना सोप्या पडतील असं वाटून तिनं त्याच काढून दिल्या.

"मला कधी नाही दिसली ती, भाभी," डोलकर म्हणाली. "इतकी साल झाली. आई होती तोपर्यंत आईजवळ बसत होती, आणि मी समोर बसून जेवत होते."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. डोकं धुतलेलं, धुवट कपडे, कमरेला पांग्देन, त्यांच्या बायका पुढून बांधतात तो पट्ट्यापट्ट्यांचा फडका. कुंतानं भात आणि दाळ केली होती. छोटेलाल ताटावर बसले, काड्या हातात घेतल्या आणि पहिला घास डावीकडे गेला. डोलकर त्या जागेसमोर मांडी घालून बसली. तिनं हाक मारली.

"यांगचेन."

काड्या हवेत थांबल्या. डोलकर आपल्या बोलीत हळूहळू बोलू लागली. कुंताला त्यातला एक शब्द कळला नाही, पण लहान बहिणीला समजावणाऱ्या थोरलीचा आवाज कळला. बाहेर दुपार होती, रस्त्यावरून देवरीकडे जाणारी बस हॉर्न वाजवत गेली, आणि ओसरीवर मात्र इतका गारठा आला की डोलकरच्या तोंडातून वाफ निघताना कुंतानं पाहिली. मग डोलकर बोलायची थांबली. तिनं दोन्ही हात पुढं केले आणि ते एकाएकी थोडे खाली दबले, जसं कोणी त्यांत आलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तोंड मात्र हसत होतं.

तिनं छोटेलालना काड्या द्यायला सांगितलं. छोटेलालना बोटं उघडता येईनात. ती काड्यांवर आवळून बसली होती, निळी पडली होती. कुंतानं जवळ बसून एकेक बोट सोडवलं. शेवटचं बोट सुटलं तेव्हा छोटेलालच्या तोंडून खोल श्वास गेला आणि ते भिंतीला टेकले.

डोलकरनं काड्या पदरासारख्या त्या पांग्देनात खोवल्या आणि निघाली. कुंता दारात उभी राहून पाहत होती. डोलकर वाकून, दोन्ही हात पाठीमागं बांधून, जपून पाय टाकत चालली होती. पाठीवर पोर घेतलेली बाई चालते तशी. बांधावरच्या खड्ड्यापाशी ती थांबली, पाठीवरचं वर सरकवल्यासारखा एक हिसका दिला आणि पुढं गेली.

त्या संध्याकाळी छोटेलालनी स्वतःहून जेवण मागितलं. ताट पुढं आलं तेव्हा त्यांनी डावा हात वर केला, त्याच्याकडे पाहिलं आणि भातात घातला. कुंतानं नजर दुसरीकडे वळवली. ताटातलं सगळं संपेपर्यंत तिनं वळून पाहिलं नाही. टिकेशला वाटलं, बापानं हट्ट सोडला. त्याला कोणी काही सांगितलं नाही.

डोलकर त्यानंतर दोन पिकं जगली. दर वेळी कुंताला ती आधीपेक्षा वाळलेली दिसे. एकदा कुंतानं न राहवून म्हटलं, की तू तरी पोटभर खात जा. डोलकर म्हणाली, माझं खाऊन झालं, भाभी, आता तिचं राहिलं आहे. तिच्या घरात दोन वाट्या मांडलेल्या असत आणि दोन्ही स्वच्छ असत.

ती गेली तेव्हा कॅम्पातले लोक कुंताला बोलवायला आले. कुंता छोटेलालना घेऊन गेली. डोलकरच्या सांगण्यावरून काड्या तिच्याच हातात ठेवल्या होत्या, त्या चितेवर तिच्यासोबत जळल्या. जाळ मोठा होता. तरी कुंताला पायाशी गार वाटत राहिलं, आणि मग एकदम ते वाटायचं थांबलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. छोटेलाल जाळाकडे बघत होते.

"गेली का?" त्यांनी हळूच विचारलं.

कुंतानं हो म्हटलं.

"जेवून गेली असन," छोटेलाल म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी डाव्या हातानं डोळे पुसले आणि दोघं घराकडे निघाले.