रस्त्याकडेला पालथी पडलेली होडी

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो. पण आज सकाळपर्यंत मला सगळे बाकडे म्हणत होते. रस्त्याकडेला मला पालथे घातले होते आणि जीपची वाट बघणारी माणसे माझ्या पाठीवर बसून शेंगा सोलत. त्यांतल्या कित्येकांच्या आया याच पाठीच्या आतल्या बाजूला बसून, नवऱ्यामुलाचा हात धरून या गावात आल्या होत्या. पण बाकड्याला त्याचा इतिहास कोण विचारतो?

आमचे गाव जंगलात फार आत आहे. झाडांची इतकी दाटी, की भर दुपारीही घरात दिवा लागतो. पाऊस तर पाचवीला पुजलेला. कपडे वाळत नाहीत, चपलांना बुरशी येते, मीठ डब्यातल्या डब्यात पाणी होऊन बसते. अशा गावाला नदी हाच रस्ता. दवाखाना पलीकडच्या काठावर, मोठी शाळा पलीकडे, बाजारही पलीकडे.

मला गावच्या सुताराने एकाच खोडातून कोरले. आधी तो माझ्या पोटात निखारे ठेवायचा, मग जळलेले तासून काढायचा, की पुन्हा निखारे. मला त्याचा भयंकर राग यायचा. पुढे पाण्यात उतरल्यावर कळले, की असे जळल्याखेरीज होडीला पोट येत नाही. त्याला दोन मुली होत्या, थोरली आणि धाकटी. दोघींना जवळ बसवून तो म्हणाला, "काम झालं की हिच्यात दगड भरायचे आणि काठाशी बुडवून ठेवायचं. लाकूड ओलं राहिलं पाहिजे. कोरडी पडली की तडकलीच म्हणून समजा."

परक्यांना ही रीत वेडेपणाची वाटे. एकदा एक तपासनीस साहेब मला पाण्याखाली पाहून धापा टाकत गावात आले आणि "अहो, तुमची होडी बुडाली!" असे ओरडू लागले. सगळे गाव पोट धरधरून हसले. साहेब बिचारे चहा न घेताच निघाले, आणि जायचे कशातून, तर माझ्यातूनच!

सुतार गेला आणि वल्हे थोरलीच्या हाती आले. ते मात्र माझे खरे दिवस होते. तापाने फणफणलेली पोरे, नव्या नवऱ्या, पिठाची पोती, शाळेचा फळा, सगळे मी वाहिले. "हिच्यासारखी होडी नाही," असे लोक म्हणत आणि मला मूठभर मांस चढे. फक्त एक गोष्ट मला खुपायची. तरणी मुले पलीकडे शिकायला, कामाला जात. "लवकर येते हं आई," असे म्हणून एखादी पोर माझ्यात चढे, आणि परतीच्या फेरीत तिची जागा रिकामी असे. पुढे पुढे आया काठावर यायच्याच बंद झाल्या.

मग नदी बदलू लागली. वरच्या अंगाला यंत्रे आली होती. दिवसभर घरघर ऐकू येई आणि मधूनच काहीतरी प्रचंड कोसळल्याचा आवाज. पाणी गढूळ झाले, ते निवळेचना. मुळांसकट उपटलेली झाडे वाहत येऊन माझ्या कडेला धडकत. एकदा एक माकडीण अशाच खोडावर बसून वाहत गेली. पिलू पोटाशी होते. थोरलीने वल्हे थांबवले आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. माझ्या अंगावर काटा आला, मित्रांनो. लाकडाच्या अंगावरही काटा येतो.

"ताई, वल्ही मारून हात झिजवू नका," रस्त्याच्या कामावरचा मुकादम म्हणाला. "रस्ता होतोय. जीपनं चुटकीसरशी दवाखाना!"

त्याने थाप मारली नव्हती. डोंगर कापून रस्ता झाला, नदीवर लाकडी पूल झाला, जीप आली. धाकटीने तर जीपवाल्याशीच लग्न केले. गाव आनंदात होते आणि का नसावे? बाकीच्या होड्या एकेक करून चुलीत गेल्या. थोरलीने मला चुलीत घातले नाही. तिचा माझ्यावर जीव होता. तिने माझ्यातले दगड काढले, मला पुसून घेतले आणि म्हणाली, "जन्मभर पाण्यात राबलीस. आता जरा कोरड्यात आराम कर गं." बापाचे शब्द तिला पाठ होते; पण आता मला तरंगायचेच कुठे होते?

रस्त्यासाठी झाडे गेली होती, त्यामुळे माझ्यावर सरळ ऊन पडे. पहिली भेग गेली तेव्हा 'कट्' असा आवाज झाला. पाठीवर बसलेल्या बाईने शेंग तोंडात टाकली आणि गप्पा पुढे चालू ठेवल्या. माझ्यासमोर कापलेला डोंगर होता. पाऊस नसतानाही त्याच्यातून तांबडे पाणी झिरपे. मुळे उघडी पडली होती. येणारी-जाणारी माणसे मान वर करून बघत आणि जीपमध्ये चढत.

आज पहाटेपासून पाऊस कोसळत होता. सकाळी डोंगर खाली आला. त्याने रस्ता नेला, पूल नेला. जीपवाला पलीकडे अडकला. आणि इकडे धाकटीला कळा सुरू झाल्या.

"मूल आडवं आहे," सुईण थोरलीला म्हणाली. "माझ्या हातात काही नाही. दवाखाना गाठ."

थोरली धावत माझ्याकडे आली. दोघातिघांनी मला उलथवले, तर माझ्या पोटभर भेगाच भेगा. "पाण्यात ठेवली तर भेगा मिटतील," एक जण म्हणाला. "पण चार-आठ दिवस तरी लागतील."

"तेवढी तिला कुठं उसंत आहे!" थोरली म्हणाली. तिने लुगडे फाडून चिंध्या केल्या आणि राळ लावून माझ्या भेगांत कोंबल्या. तोंडाने ती सारखी पुटपुटत होती, "एवढी एकच खेप. एवढी एकच."

आता आम्ही भर पात्रात आहोत. वर आभाळ उघडले आहे, खाली नदी उधाणली आहे. मी अंग आवळून धरायचा प्रयत्न करते आहे. पण मित्रांनो, लाकूड मायेवर तगत नाही, ते पाण्यावर तगते. माझी एवढीच विनवणी ऐका. ज्याने तुमचा संसार पेलला त्याला 'आता आराम कर' म्हणून कोपऱ्यात ठेवू नका. त्याला कामात ठेवा, त्याला जे हवे ते देत राहा.

मोठ्या भेगेतली चिंधी आत्ताच निघून गेली. धाकटी कळ ओसरल्यावर डोळे उघडते आणि पाठीखाली चाचपते.

"ताई, खाली पाणी येतंय का गं?"

"नाही गं," थोरली वल्हे न थांबवता म्हणते. "पावसाचं आहे ते. तू डोळे मीट."

पाऊस तर आम्ही काठ सोडला तेव्हाच थांबला आहे.